घारापुरीचा उजेड आणि आपली दुकाने

मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर घारापुरी बेट आहे. तेथील लेणी पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येतात. परंतु बेटावरील शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे कायमची वीज नव्हती. संध्याकाळी सुमारे तीन तास डिझेल जनरेटर चाले, त्यानंतर अंधार. अखेर फेब्रुवारी 2018 मध्ये महावितरणने समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोहोचवली. सुमारे 25 कोटी रुपये खर्च आला. वस्त्यांत उंच खांबांवर एलईडी दिवे लागले.

वीज आणणे जितके महाग, तितकी ती जपून वापरणे शहाणपणाचे. हिशेब सोपा आहे. दोनशे घरांत प्रत्येकी दोन, असे 60 वॉटचे साधे बल्ब लावले तर 24 किलोवॉट भार पडतो. तेवढाच उजेड देणारे 9 वॉटचे एलईडी लावले तर तो 3.6 किलोवॉटवर येतो. म्हणजे जनरेटरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत त्याच डिझेलमध्ये दिवे कितीतरी अधिक वेळ जळू शकतात.

हाच हिशेब नगर, श्रीरामपूर किंवा संगमनेरच्या दुकानदाराला लागू पडतो. एक 60 वॉटचा बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला 9 युनिट जातात. एलईडीला दीड युनिटही लागत नाही. वीज गेली की फरक आणखी कळतो. दीडशे अँपिअर-अवरची, 12 व्होल्टची बॅटरी पाच साधे बल्ब कागदोपत्री सहा तास चालवते. पाच एलईडी चाळीस तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी येतात, पण फरक मोठाच राहतो. सणासुदीला रात्री शिलाई मशीन चालवणाऱ्या कारागिराला यातच रोजी सांभाळता येते.

किमतीचे कारणही आता उरलेले नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2015 पासून उजाला योजनेत घाऊक खरेदी सुरू केली. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला.

मात्र स्वस्ताईबरोबर बाजारात नकली मालही आला. विक्रेते बंधूंनी खोक्यावर बीआयएसची मानक नोंदणी, स्टार लेबल, वॉट आणि ल्युमेन यांचे आकडे पाहूनच माल उचलावा. पक्के बिल घ्यावे. नाव नसलेल्या बल्बवर चार पैसे जास्त सुटतात, पण महिन्याभरात गिऱ्हाईक तो परत आणते तेव्हा नफा आणि पत दोन्ही जातात.

इलेक्ट्रिशियन मुलांसाठी यात धंदाही आहे. एलईडी बल्बमधील चिपा सहसा एकामागोमाग जोडलेल्या असतात. एक जळाली की सारा बल्ब विझतो. बहुतेक बिघाड चिपेत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो, आणि मूळ शत्रू उष्णता. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय असेल तर थोड्या भांडवलात दुरुस्ती सुरू करता येते. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून बल्ब काढल्यावर लगेच हात घालू नये. गिऱ्हाइकालाही सांगावे, की बंद काचेच्या गोळ्यात एलईडी कोंडला तर त्याचे आयुष्य घटते.

बेटावर उजेड न्यायला समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला फक्त दुकानातला जुना बल्ब बदलायचा आहे.