वाघ पाहायला जाऊ या, पण हिशोब करून

गटाची सहल म्हटली की शेगाव, माहूर, नाहीतर पंढरपूर. यंदा आमच्या बैठकीत एकीनं विचारलं, ताडोबा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, कुठून कुठून लोक येतात तिथं, मग आपणच का जात नाही? लगेच दुसरीनं विचारलं, पैसे? म्हणून आज पैशांपासूनच सुरुवात करू.

सफारीचा खर्च माणशी नसतो, गाडीमागे असतो. उघड्या जिप्सीत ड्रायव्हर आणि गाईड सोडून सहा जणी बसतात. तिघीच गेलात तरी गाडीचे पैसे तेवढेच. म्हणून सहा नाहीतर बारा जणी जमवायच्या. आम्ही बारा आहोत. समजा गाडीभाडं, गाईड आणि प्रवेश शुल्क मिळून एका गाडीला ६,००० रुपये लागले, तर दोन गाड्यांचे १२,०००, माणशी १,०००. हा आकडा हिशोबापुरता, खरा दर बुकिंग करताना बघायचा. शनिवार-रविवारी दर जास्त असतो, म्हणून मधला वार धरा. मंगळवारी ताडोबा बंद असतं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचं जंगलही बंद असतं. भोवतीच्या जंगलाला बफर म्हणतात, तिथंही सफारी होते आणि वाघही दिसतो. पहिल्यांदा जाताना दोन्हीकडचे दर ताडून बघा. एकच सफारी करा, पुष्कळ झाली.

आता पैसा आणायचा कुठून? बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे आम्ही ठराव करून लिहून घेतलं. कोणाचं बियाणं, कोणाचं दवाखान्याचं काम त्या पैशावर चालतं. सहलीचा डबा वेगळा. मार्चपासून आठवड्याला २० रुपये. दसऱ्यानंतर कापूस वेचणीची मजुरी हातात येते, तेव्हा ५०. असे ३० आठवडे २० चे आणि २० आठवडे ५० चे धरले तर १,६०० रुपये होतात. हजार सफारीचे, सहाशे प्रवास, मुक्काम आणि जेवणाचे.

एक काकू एकट्याच घर चालवतात. त्या म्हणाल्या, माझं नाव घेऊ नका. आग्रह करून त्यांना ओढणं बरं नव्हतं आणि मागे ठेवणंही पटेना. मग ठरलं, वाटेतल्या दशम्या, ठेचा, चटणी बारा जणींसाठी काकू करतील आणि त्यांची मजुरी त्यांच्या नावानं डब्यात जमा होईल. काकूंनी मजुरीचा दर स्वतः सांगितला, आणि तो काही कमी नव्हता!

प्रवासात आपला फायदा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. चंद्रपूरहून मोहर्लीचं गेट सुमारे तीस किलोमीटर. दुपारची सफारी घेतली तर सकाळी घरून निघून पोचता येतं आणि एकाच रात्रीचा मुक्काम लागतो. गेटजवळच्या गावांत घरगुती सोय मिळते. फोन करून आधीच भाव ठरवा, संडास-बाथरूमचंही विचारा.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत वेबसाईटवरच करा. फोनवर ‘मी परमिट काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. प्रत्येकीच्या ओळखपत्राचा नंबर लागतो, आणि तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. ऐनवेळी एक गळाली तर तिच्या जागी दुसरी नेता येईल असं धरून चालू नका. पावती गटाच्या फाईलला लावा.

उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात, वाघ दिसायची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं. आम्ही फेब्रुवारीचा शेवट धरलाय. लाल, भडक साडी नको, मातकट किंवा हिरवट सुती बरी. गजरा, अत्तर घरीच. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. सफारी चार तासांच्या आसपास चालते आणि मध्येच गाडीतून उतरता येत नाही, तेव्हा निघण्याआधी जाऊन या. हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

वाघ दिसेलच असं नाही. गवे, चितळ, रानकुत्री, मोर, मोहाची झाडं बघायला मिळतात. गाईड तिथल्याच गावातले असतात, काही बायकाही आहेत. बाई गाईड मिळाली तर तिला विचारा, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला तुम्ही कशा जाता? आपण पैसे भरून वाघ शोधायला जातो, आणि तो समोर येऊ नये म्हणून त्या बाया घोळक्यानं निघतात.