कॅन्सरचे उपचार : सर्जनचे काम कोणते, औषधतज्ज्ञाचे कोणते?

कॅन्सरचे निदान झाले की घरातल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन केव्हा?" गाठ काढली की रोग गेला, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी का, हे आपण स्तनाच्या कॅन्सरच्या उदाहरणाने पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू व काखेतील गाठी एकत्रच काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तरीही पुष्कळ स्त्रियांमध्ये रोग पुढे हाडांत वा फुफ्फुसांत उलटे. कारण त्याच्या पेशी ऑपरेशनपूर्वीच शरीरात पसरलेल्या असत. तेथे सर्जनची सुरी पोहोचत नाही, औषध पोहोचते. १९७६ साली इटलीतील डॉ. जियानी बोनाडोना यांनी ऑपरेशननंतर तीन औषधे एकत्र दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे दाखवून दिले.

म्हणून आज कामाची वाटणी झाली आहे. किती भाग काढायचा, स्तन वाचवता येईल का, हे सर्जन ठरवतो. केमोथेरपी, हार्मोनच्या गोळ्या व इतर औषधे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट पाहतो. किरणोपचारांचा तज्ज्ञ तिसरा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर मुख्य उपचार औषधांचेच असतात.

खरा प्रश्न क्रमाचा आहे. गाठ मोठी असल्यास अनेकदा आधी केमोथेरपी देऊन ती लहान करतात व मग ऑपरेशन करतात. गाठ घाईने आधीच काढली, तर ही संधी जाते. यासाठी प्रथम सुईने तुकडा घेऊन तपासणी व्हावी आणि सर्व तज्ज्ञांनी एकत्र बसून उपचार ठरवावेत. मोठ्या रुग्णालयांत अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात.

वाटणीत एक धोकाही आहे. दोन डॉक्टरांच्या मध्ये रुग्ण एकटा पडू शकतो. केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्यास तो जिवावर बेततो. अशा वेळी रात्री कोणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून फाइलवर लिहून घ्यावे.

आपल्या सभासदांना आमची विनंती आहे की, ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी एवढेच विचारा : "बायोप्सीचा रिपोर्ट आला का? औषधतज्ज्ञाने पाहिले का? आधी काय, नंतर काय?" आपल्या समाजातील शिकलेल्या मुलामुलींनी रुग्णासोबत जावे, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे आईवडिलांना समजेल अशा भाषेत सांगावीत.