फ्रेम स्वस्त, काच महाग!
चष्म्याच्या बिलात कशाचे पैसे मोजावेत आणि कशाचे मोजू नयेत

प्रतिनिधी, ठाणे

'चष्मा अमुक रुपयांपासून' असा फलक वाचून दुकानात शिरलेला ग्राहक तेवढ्याच पैशांत बाहेर पडला, असे क्वचितच घडते. फलकावरचा आकडा खोटा नसतो. मात्र तो बहुधा नुसत्या फ्रेमचा किंवा सर्वांत साध्या काचेसह मिळणाऱ्या चष्म्याचा असतो. त्यात अँटीग्लेअर, ब्लू कट, पातळ काच, सिलिंडरचा नंबर आणि फिटिंग यांच्या रकमा एकेक करून मिळत जातात आणि अखेरीस बिल मूळ आकड्याच्या दुप्पट-तिप्पट झाल्याचे ध्यानात येते. यातील काही रकमा रास्त असतात, तर काहींना फारसा आधार नसतो. अडचण अशी, की कोणती रक्कम कोणत्या प्रकारची हे ओळखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते.

कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. अष्टविनायक चौक, बारा बंगला, कोपरी कॉलनी या परिसरातील रहिवाशांसमोर चष्म्यासाठी दोन वाटा असतात. एक घराजवळच्या ओळखीच्या दुकानाची, तर दुसरी रेल्वे स्थानक ओलांडून पश्चिमेला गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या बाजारपेठेकडे जाणारी. अलीकडे मोबाइलवरून चष्मा मागविण्याची तिसरी वाटही रुळली आहे. तिन्ही ठिकाणचे दर वेगवेगळे असतात. बिल फुगण्याची रीत मात्र जवळपास सारखीच असते.

फ्रेम डोळ्यांना दिसते, हातात घेता येते, शेजारच्या दुकानातील फ्रेमशी ताडून पाहता येते. त्यामुळे तिच्या किमतीत स्पर्धा होते, सूट मिळते, 'एकावर एक मोफत'ही मिळते. काचेचे तसे नसते. सर्वजण तिला काच म्हणत असले तरी आज ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, आणि दोन हजारांची व सहा हजारांची काच शेजारी ठेवली तर सामान्य ग्राहकाला त्यांत फरक दिसत नाही. ज्या वस्तूची तुलना करता येत नाही तिच्यावरच नफा काढणे सोपे असते. 'एकावर एक मोफत' योजनेतील दुसरी फ्रेम बरेचदा खरोखरच मोफत असते. पण तिच्यात बसवायच्या काचेचे पैसे वेगळे पडतात. त्यासाठी योजनेत काच धरली आहे का आणि असल्यास कोणती, एवढे आधी विचारून घेतलेले बरे.

पातळ काच कोणाला?

साध्या प्लास्टिक काचेचा, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत 'सीआर ३९'चा, अपवर्तनांक सुमारे १.५० असतो. त्यापुढे १.५६, १.६०, १.६७ आणि १.७४ अशी चढती भाजणी लागते. अंक जितका मोठा तितकी काच पातळ आणि महाग. उणे पाच-सहा नंबर असलेल्या व्यक्तीला या पातळपणाचा खरा उपयोग होतो; नाकावरचे ओझे कमी होते आणि कडा बाटलीच्या बुडासारख्या दिसत नाहीत. उणे दीड-दोन नंबरवाल्याला मात्र १.६७ची काच घेऊन हाती फारसे काही लागत नाही. उलट, अपवर्तनांक वाढला की काचेतून पाहताना कडेला रंगांची झालर दिसण्याची शक्यता वाढते. काच पातळ करण्याचा आणखी एक उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो म्हणजे लहान आकाराची फ्रेम निवडणे. मोठ्या चौकोनी फ्रेमची फॅशन आणि जाड नंबर एकत्र आले की पातळ काचेचा आग्रह ओघानेच येतो.

पॉलीकार्बोनेटची गोष्ट वेगळी. ही काच सहजासहजी फुटत नाही, म्हणून लहान मुले, खेळाडू किंवा कारखान्यात काम करणारे यांच्यासाठी तिचे जादा पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते. मात्र या काचेत अतिनील किरण अडविण्याचा गुण मुळातच असतो. तिच्यावर पुन्हा 'यूव्ही कोटिंग'ची वेगळी रक्कम लावली असेल, तर ती कशासाठी, हे दुकानदाराला जरूर विचारावे.

अँटीग्लेअरला उगाच नावे ठेवली जातात. साध्या प्लास्टिक काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चांगल्या अँटीग्लेअर थरामुळे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येते. रात्री वाहन चालविणाऱ्याला किंवा दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याला हा फरक जाणवतो, आणि १.६०च्या पुढील काचा मुळातच अधिक परावर्तन करीत असल्याने त्यांना तर हा थर हवाच. तो दिला आहे की नाही, हे पाहणेही सोपे आहे. काचेत दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते पांढरे दिसले तर काच कोरी. फिकट, हिरवट किंवा जांभळट दिसले तर थर आहे.

निळ्या किरणांचा व्यापार

खरा प्रश्न 'ब्लू कट'चा आहे. कार्यालयात संगणक, लोकलमध्ये मोबाइल आणि घरी दूरचित्रवाणी असा दिनक्रम सांगितला, की ही काच सुचविली जात नाही असे दुकान विरळाच. जोडीला एक प्रात्यक्षिकही असते. कार्डावर जांभळ्या-निळ्या टॉर्चचा ठिपका पाडतात, मध्ये काच धरतात आणि ठिपका नाहीसा होतो. ग्राहक चकित होतो! पण या टॉर्चचा प्रकाश साधारण ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्या टोकाचा असतो. मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्यातील निळ्या प्रकाशाचे शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते. पहिला अडला म्हणून दुसराही तितकाच अडतो, असे नव्हे. ही काच पडद्याचा सगळा निळा प्रकाश अडवू लागली तर जग पिवळे दिसेल.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने ऑगस्ट २०२३मध्ये या विषयावरील १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी करण्यात साध्या काचेच्या तुलनेत या काचा अल्पकाळात बहुधा काहीही फरक पाडत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी अशा खास चष्म्याची शिफारस करीत नाही. ब्रिटनमध्ये तर या दाव्यांवर कारवाईही झाली आहे. 'बूट्स ऑप्टिशियन्स' या मोठ्या साखळी दुकानांनी २०१५मध्ये केलेली निळ्या किरणांविषयीची जाहिरात दिशाभूल करणारी ठरली आणि तेथील नियामक परिषदेने २०१७मध्ये कंपनीला ४० हजार पौंडांचा दंड केला.

पडद्यासमोर डोळे चुरचुरतात हे खोटे नाही. पण त्याचे मुख्य कारण निळा रंग नसून पापण्यांची मंदावलेली उघडझाप आणि तासन् तास एकाच अंतरावर खिळलेली नजर हे आहे. वीस-वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर नजर टाकणे हा त्यावरचा उपाय, आणि तो फुकट असल्यामुळेच कदाचित कोणत्याही दरपत्रकात आढळत नाही.

सिलिंडर आणि चाळिशी

'सिलिंडरचा नंबर आहे, जादा पैसे लागतील' हे वाक्य ऐकून अनेकांना संशय येतो. येथे दुकानदाराची बाजू समजून घेतली पाहिजे. नेहमीच्या नंबरांच्या काचा तयार साठ्यात मिळतात; त्या केवळ फ्रेमच्या आकारात कापून बसवायच्या असतात. नंबर किंवा सिलिंडर ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की काच प्रयोगशाळेत मागणीनुसार घडवावी लागते. तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. मात्र ही मर्यादा नेमकी कोणती आणि आपला नंबर तिच्या पलीकडे आहे का, हे दरपत्रकावर दाखवून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. अर्ध्या सिलिंडरलाही जादा रक्कम सांगितली गेली, तर ती साठ्यातील काचेचीच असण्याची शक्यता अधिक.

वयाच्या चाळिशीत जवळचे दिसेनासे होते, म्हणून वाचनाच्या चष्म्यालाच मराठीत 'चाळिशी' म्हणतात. या ग्राहकाचे बिल सर्वाधिक फुगते, कारण त्याच्यापुढे प्रोग्रेसिव्ह काच ठेवली जाते. १९५९मध्ये फ्रान्समध्ये 'व्हॅरिलक्स' या नावाने ही काच प्रथम बाजारात आली. बायफोकलची आडवी रेघ नाही आणि दूर, मध्यम व जवळ असे तिन्ही टप्पे एकाच काचेत, ही तिची सोय. मात्र रचनेमुळे कडेला थोडे धूसर दिसतेच. महागड्या काचेत हा धूसर भाग कमी असतो, पूर्णपणे नाहीसा होत नाही. त्यामुळे प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याने नाममुद्रेपेक्षा मोजमापाकडे लक्ष द्यावे. दोन बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे 'पीडी', आणि निवडलेल्या फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते, ही दोन मापे प्रत्यक्ष चेहऱ्यावर फ्रेम चढवूनच घ्यावी लागतात. ती दोन मिलिमीटरने चुकली तरी महागातली महाग काच त्रासदायक ठरते.

नामांकित कंपनीची प्रोग्रेसिव्ह म्हणून पैसे मोजले असतील, तर तीच मिळाली का, हेही पाहता येते. या काचांवर एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर दोन अतिसूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात. काच दिव्यासमोर तिरपी धरली की त्या दिसतात. कानाकडील खुणेखाली जवळच्या नंबरची वाढ आणि नाकाकडील खुणेखाली कंपनीचे चिन्ह असते. चष्मा ताब्यात घेताना दुकानदाराकडूनच या खुणा दाखवून घ्याव्यात.

केवळ वाचनापुरता चष्मा हवा असेल आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा व सिलिंडर नसेल, तर साधा तयार चष्माही चालतो. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे देऊन केलेली चाचणी २०१८मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोडणी सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. शिवणकाम, किराणा दुकान, हिशेबाची वही अशा कामांवर पोट असलेल्यांनी 'परवडत नाही' म्हणून चष्मा लांबणीवर टाकला, तर तोटा किती होतो याची यावरून कल्पना यावी. महागड्या प्रोग्रेसिव्हचा आकडा ऐकून परत फिरणाऱ्या ग्राहकाला हा साधा पर्याय दुकानातूनच सांगितला जायला हवा. तो फारसा सांगितला जात नाही.

तपासणी मोफत, पण...

या व्यवहारातील सर्वांत उफराटी बाब म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायला हवेत, तीच मोफत मिळते. 'संगणकावर डोळे तपासणी फुकट' हा फलक जवळपास प्रत्येक दुकानावर असतो. हे यंत्र नंबरचा अंदाज देते. अंतिम नंबर मात्र तक्त्यासमोर बसवून, काचा बदलून, 'हे स्पष्ट की ते?' असे विचारूनच ठरवावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या संध्याकाळी वेळ हीच दुर्मीळ गोष्ट असते. लहान मुलांच्या बाबतीत यंत्र उणे नंबर वाढवून दाखवू शकते, म्हणून त्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे औषधाचे थेंब घालूनच व्हायला हवी. मधुमेह्याची साखर चढउतार करीत असेल, तर आज काढलेला नंबर महिन्याभराने बदलू शकतो. अशा वेळी साखर आटोक्यात येईपर्यंत नवा चष्मा न करणे उत्तम.

शिवाय नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर होणारे दुष्परिणाम प्रारंभी कोणतीही तक्रार न देता वाढतात आणि नंबरच्या तपासणीत ते सापडत नाहीत. ब्लू कटवर खर्च होणारी रक्कम चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञाच्या एका संपूर्ण तपासणीवर खर्ची पडली, तर ती अधिक कारणी लागेल. तेथून मिळालेल्या चिठ्ठीवर नंबरासोबत पीडीही लिहून घ्यावा. चिठ्ठी हातात असली की कोपरीतील दुकान, पश्चिमेचे दुकान आणि मोबाइलवरील विक्रेता यांच्याकडे एकाच काचेचा दर विचारता येतो. चिठ्ठी दुकानाच्या संगणकातच राहिली, तर ग्राहकही त्याच दुकानात राहतो.

बिलातील करही तपासून घ्यावा. चष्म्याच्या फ्रेम, नंबरच्या काचा आणि नंबरचा चष्मा यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, १२ टक्क्यांवरून पाच टक्के झाला. तीन हजारांच्या चष्म्यावर ३६० रुपयांऐवजी १५० रुपये कर, असा हा फरक आहे. बिनानंबरच्या गॉगलवर मात्र १८ टक्केच कर आहे. फ्रेमवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा कर लावता येत नाही. सवलत जाहीर करून सवलतीनंतरच्या किमतीवर वेगळा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका प्रकरणात २०१७मध्ये म्हटले होते. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतील छोट्या दुकानदाराला तर ग्राहकाकडून कर वसूल करण्याचा अधिकारच नाही.

बिलात फ्रेम, काचेचे नाव, अपवर्तनांक, थर आणि फिटिंग यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. 'चष्मा – एक नग' अशा बिलावर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही त्यातच मोडते. 'नंबरची काच परत घेतली जात नाही' ही पाटी ग्राहकाचे मन बदलले तर लागू पडेल. काच चुकीच्या नंबरची किंवा चुकीच्या मापाची निघाली तर पडणार नाही. दुकानदाराने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. तेथेही तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीसाठी शुल्क पडत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. बिल, चिठ्ठी आणि तो चष्मा मात्र जपून ठेवलेला असावा लागतो.