वल्हे हाती घेताना शरीराचेही ऐका

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या महिला रोइंग संघांत कधीही वल्हे हाती न धरलेल्या मुलींनाही घेतले जाते. १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणे भाग पडले. रोइंगच्या संघात एकाच वेळी बऱ्याच जणी सामावतात, त्यामुळे हा खेळ तिथे झपाट्याने वाढला. तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलींनाही ही वाट मोकळी आहे. आधी पोहता मात्र आले पाहिजे.

रोइंग हा हातांचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात सर्वाधिक जोर पायांचा असतो. बोटीतील बैठक मागेपुढे सरकते. आधी पाय रेटायचे, मग कंबरेतून मागे जायचे आणि शेवटी हातांनी वल्हे ओढायचे. हा क्रम चुकला की भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. म्हणून पहिले काही आठवडे वेगापेक्षा पद्धत महत्त्वाची.

आठ जणींची बोट २००० मीटरचे अंतर सहा-सात मिनिटांत कापते. एवढ्या वेळासाठी महिनोन्‌महिने पहाटे सराव चालतो. या सरावाने काही आठवड्यांतच दम वाढतो. हाडे आणि स्नायुबंध मात्र सावकाश बळकट होतात. 'आता मला जमतंय' असे वाटू लागते, नेमक्या त्याच काळात दुखापती होतात. खोल श्वास घेताना किंवा खोकताना बरगडीत एकाच जागी दुखत असेल, तर तिथे बारीक तडा असू शकतो. बाम चोळून सराव चालू ठेवू नये.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती पाळी. सराव वाढतो, पण ताटातले अन्न तेवढेच राहते. वजनाच्या धास्तीने कधी कमीही होते. मग शरीर काटकसर करू लागते आणि पाळी लांबते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४मध्ये खेळाडूंमधील या ऊर्जा-कमतरतेकडे लक्ष वेधले. इस्ट्रोजेन घटले की हाडे ठिसूळ होऊ लागतात. तेही नेमके हाडे भक्कम होण्याच्या वयात. सरावामुळे पाळी थांबणे हे तंदुरुस्तीचे लक्षण नव्हे. ओपीडीत मुली हे आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागते.

म्हणून संघात जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा तपासून घ्यावा. सरावानंतर तासाभरात पोळी-भाजी, अंडी, डाळ-भात, दूध-केळे असे पोटभर खावे. पाळीची तारीख लिहून ठेवावी. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना भेटावे आणि प्रशिक्षकांनाही सांगावे. पुण्यात मुळेच्या पात्रात वल्हवणाऱ्या मुलींनाही हेच लागू आहे.

लेक रोइंगला जाते म्हणाली, तर पालकांनी अडवू नये. फोनवर 'वेळ किती लागली?' याच्या आधी 'जेवलीस का?' आणि 'पाळी वेळेवर आहे ना?' एवढे विचारावे.