पेलेट चुलीतील सामान्य बिघाड

पेलेट चूल ही लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले यांसारखे अवशेष दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्यांवर, म्हणजेच पेलेटवर, चालणारी आणि पंख्याने हवा पुरविली जाणारी चूल होय. महाराष्ट्रातील घरांत ती प्रामुख्याने ‘ऊर्जा’ या नावाने पोहोचली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर आधारलेली ही चूल बीपी या तेलकंपनीने २००६ च्या सुमारास विक्रीस आणली. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला. चार लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. पुढे पेलेट महागल्याने अनेक घरांत त्या अडगळीत पडल्या. थंड देशांत याच नावाने ओळखली जाणारी, धुराडे असलेली खोली तापविण्याची शेगडी वेगळी. तिचा विचार येथे केलेला नाही.

कार्यपद्धती

चुलीच्या भांड्यात एका वेळी सुमारे सहाशे ग्रॅम पेलेट भरून ते वरच्या बाजूने पेटवितात. खालच्या जाळीतून येणारी थोडी हवा पेलेट तापवून त्यांतून ज्वलनशील वायू काढते. वरच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायू जाळते. ज्योत वर दिसते, पण विस्तवाचा थर हळूहळू खाली सरकत असतो. एक भरण साधारण तासभर पुरते. ही दुहेरी हवा ध्यानात घेतली की पुढील बहुतेक दोषांचे मूळ सापडते.

धूर

नीट चालणारी पेलेट चूल धूर करीत नाही. धूर येणे म्हणजे वायू निर्माण होत आहे, परंतु जळत नाही. पेटवितानाच धूर आला तर पेलेट ओलसर आहेत, वरच्या छिद्रांपर्यंत भरले गेले आहेत किंवा पंखा आरंभीच जोरात लावला आहे, असे समजावे. काकडा किंवा रॉकेलात भिजविलेल्या ढलप्या वर पसरून पंखा मंद ठेवावा आणि ज्योत स्थिरावल्यावरच वाढवावा.

स्वयंपाक चालू असताना आलेल्या धुराचे कारण बहुधा निराळे असते. साध्या चुलीत लाकूड पुढे सारण्याची सवय असल्यामुळे पेटत्या विस्तवावर ओंजळभर पेलेट टाकले जातात. ते सारे एकदम तापतात आणि वरची हवा अपुरी पडते. शिजण्यास वेळ लागणारा पदार्थ असेल तर भरण पुरेल का, याचा अंदाज आधीच घेणे हाच उपाय. भांड्याच्या बुडाची काजळी हीही खूण आहे: ती दाट होऊ लागली की वरची छिद्रे बुजत आली आहेत, ती थंड चुलीत बारीक तारेने मोकळी करावीत.

पंखा व बॅटरी

ज्योत मंद व पिवळी पडल्यास हवेच्या वाटेपाशी कागदाची पट्टी धरून पाहावी. ती हलत नसेल तर बॅटरी उतरली आहे, तार सुटली आहे किंवा पात्यांत धूळ, झुरळ अडकले आहे. पंखा मध्येच बंद पडल्यास चूल धुराने भरते. अशा वेळी तीत वाकून पाहू नये, कारण साचलेला वायू अचानक भडकू शकतो.

राख व खडे

लाकडाच्या पेलेटची राख नगण्य असते. भाताच्या तुसाची मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते व तीत वाळूचा अंश (सिलिका) पुष्कळ असतो. तूस मिसळलेले पेलेट वापरल्यास दर भरणापूर्वी राख काढणे अटळ ठरते. काही अवशेषांची राख वितळून जाळीवर खडे धरते. ते तापलेले असताना ठोकू नयेत. आतील अस्तराला तडा जातो.

पावसाळा

मुळशी तालुक्यातील कोळवणसारख्या भातखोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हा या चुलीचा कसोटीचा काळ होय. ओल लागलेला पेलेट फुगून भुकटी होतो, आणि भुकटी जाळीतील हवा अडविते. चांगला पेलेट मोडताना कट्कन आवाज करतो, ओला दबतो. पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे, चार दिवसांपुरते पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात काढावेत व भरण्यापूर्वी चाळून घ्यावेत.

याच दिवसांत दारे-खिडक्या लावून स्वयंपाक होतो आणि खरा धोका तेथे आहे. ज्योत विझल्यावर उरलेला निखारा निळसर जळत असतो व त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, विषारी वायू निघतो. धूर दिसत नाही म्हणून ऊब घेण्यासाठी अशी चूल निजायच्या खोलीत नेणे प्राणघातक ठरू शकते. स्वयंपाक आटोपताच ती पडवीत पावसापासून आडोशाला ठेवावी. निखारा पूर्ण विझल्यावरच राख पत्र्याच्या डब्यात काढावी.