फाटक लावून पुढे चला

स्कॉटलंडमध्ये डोंगराकडे जाणारी वाट पुष्कळदा कुणाच्या तरी कुरणातून सुरू होते. लोखंडी फाटक असतं, पलीकडे मेंढ्या चरत असतात आणि पायवाट त्यांच्यामधूनच वर चढत गेलेली दिसते. आपल्याकडून गेलेला माणूस तिथे थबकतो. जमीन कुणाची? परवानगी कुणाला विचारायची? तिकीट कुठे मिळतं? तर विचारायचं कुणालाच नाही. कडी काढायची, आत जायचं, कडी परत लावायची आणि चालू लागायचं. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून पायी जाण्याचा हक्क तुमचा आहे. तुम्ही त्या देशाचे नागरिक नसलात तरीही.

हा हक्क २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने दिला आणि फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. डोंगर, माळ, जंगल, किनारा, तळी, नद्या, जवळपास सगळीकडे तो चालतो. घराभोवतीचं खासगी आवार, उभं पीक, काम चालू असलेली जागा अशी मोजकी ठिकाणं वगळलेली आहेत. बदल्यात मागितलं आहे ते एवढंच, की जबाबदारीने वागा. फाटक जसं सापडलं तसं ठेवा, कोकरांच्या दिवसांत कुत्रा आवरून धरा, कचरा मागे टाकू नका. शेजारच्या इंग्लंडमध्येसुद्धा इतकी मोकळीक नाही. स्कॉटलंडच्या निसर्गाची वर्णनं खूप झाली. मला मात्र तिथली सर्वांत सुंदर गोष्ट हा कायदाच वाटतो.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १८४७ मध्ये एडिंबरो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्ट या दरीतून निघाले होते. अ‍ॅथोलच्या ड्यूकने आणि त्याच्या माणसांनी त्यांना अडवलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि देशभर गाजलं. पुढे १८८० च्या दशकात विनान्स नावाच्या अमेरिकी धनाढ्याने उत्तरेकडचं प्रचंड मोठं रान हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलं होतं. तिथल्या एका गरीब माणसाचं पाळीव कोकरू त्या रानात चरलं, म्हणून विनान्सने खटला भरला. १८८५ मध्ये तो हरला. ‘पाळीव कोकराचा खटला’ म्हणून ते प्रकरण अजून ओळखलं जातं. त्याच सुमारास जेम्स ब्राइस या खासदाराने डोंगर सर्वांना खुले करण्याचं विधेयक संसदेत मांडलं होतं, १८८४ साली. ते मंजूर झालं नाही. ब्राइसच्या विधेयकापासून २००३ च्या कायद्यापर्यंत ११९ वर्षं गेली.

आता चालायला कुठे जावं? बहुतेक प्रवासी बेन नेविस धरून बसतात, कारण ते ब्रिटनचं सर्वोच्च शिखर आहे, १,३४५ मीटर. शिवाय मन्रोंचं वेड आहेच. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि ती सगळी सर करण्यात लोक उभं आयुष्य घालवतात. खुद्द मन्रोंची सगळी झाली नव्हती. पण हाताशी एकच दिवस असेल तर शिखराची उंची विसरा, असंच मी सांगेन. बेन नेविसचा माथा बहुतेक दिवस ढगात असतो.

त्यापेक्षा एडिंबरोच्या उत्तरेला, फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफचा किनारा आहे. किनाऱ्याने जाणारी पूर्ण वाट १८७ किलोमीटरची. त्यातला ईली ते क्रेल हा साधारण सतरा किलोमीटरचा तुकडा एका दिवसाचा. चढ जवळजवळ नाहीच. ईलीहून निघालं की थोड्याच वेळात समुद्रावर झुकलेला पडका किल्ला लागतो, मग सेंट मोनन्सची पवनचक्की. ही चक्की धान्य दळायची नव्हती. समुद्राचं पाणी वर खेचून ते मिठाच्या कढयांकडे पाठवायला ती बांधली होती. आपल्या मिठागरांत पाणी ऊन आटवतं. तिथे उन्हाचा भरवसा नाही, म्हणून खाली कोळसा जाळून पाणी उकळत. त्या आगरांची मोडकी जोती गवतात अजून दिसतात.

पुढे पिटनवीम, मग अँस्ट्रदर. प्रत्येक गावाला दगडी धक्क्याचं छोटं बंदर, लाल कौलांची घरं, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली त्यांची त्रिकोणी भिंत. एकेकाळी ही गावं हेरिंग माशांवर जगली. हेरिंग गेला आणि होड्या कमी झाल्या. अँस्ट्रदरच्या बंदरावरच मासेमारीचं संग्रहालय आहे, त्यात तासभर सहज जातो आणि तो जाऊ द्यावा. जाळी विणणाऱ्या, मासे साफ करून पिंपांत भरणाऱ्या बायकांची कहाणी तिथे आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. अँस्ट्रदरनंतर गाव संपतं आणि वाट खडकांच्या कडेने जाते. केप्ली इथे लाटांनी पोखरलेल्या वालुकाश्माच्या गुहा आहेत. त्यांच्या भिंतींवर जुन्या काळी कोरलेले क्रूस आहेत. खडकावर सील पहुडलेले असतात, समोर समुद्रात मे नावाचं बेट दिसत राहतं. क्रेलला पोचून पाय दुखले तर बस आहे. ती याच गावांतून परत नेते.

ईलीच्या पश्चिमेला एक साखळ्यांची वाट आहे. कड्याच्या पायथ्याशी खडकात लोखंडी साखळ्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांना धरून पुढे सरकायचं असतं. मजा येते, पण ती फक्त ओहोटीची वाट आहे. भरतीच्या वेळा न पाहता तिथे उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

ग्लासगोहून जवळ हवं असेल तर लॉख लोमंडच्या काठावरची कॉनिक टेकडी. उंची फक्त ३६१ मीटर. वर जाऊन मागे वळून पाहावं: तळ्यातली बेटं एका ओळीत उभी असतात आणि तुम्ही उभे असता तो टेकडीचा कणाही त्याच रेषेत असतो. ही रेषा म्हणजे भूकवचातली भेग आहे. पश्चिमेच्या अरन बेटापासून पूर्वेच्या स्टोनहेवनपर्यंत ती सगळा देश कापत जाते. तिच्या एका बाजूला सखल प्रदेश, दुसऱ्या बाजूला डोंगराळ हायलँड्स.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाने मात्र स्काय बेटावरचं क्विरांग पाहावंच. आपले किल्ले ज्या बेसॉल्टवर उभे आहेत, त्याच जातीचा तिथला कातळ. दख्खनचे लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, स्कायचे त्यानंतर काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांनी आलेले. थरावर थर साचून झालेल्या अशा भूरूपाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. पायरीच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं. स्कायच्या काही डोंगरांचे माथे आपल्या पठारी किल्ल्यांसारखे सपाट आहेत. फरक तळाशी आहे. तिथे लाव्हाच्या जड थरांखाली मऊ, ज्युरासिक काळातले खडक दबलेले आहेत. त्यांना भार सोसवला नाही आणि आख्खी कडेकपार घसरली. क्विरांगचे सुळके, घळी आणि मधोमध हिरवंगार सपाट ‘टेबल’ हे त्या घसरणीचे अवशेष. घसरण थांबलेली नाही. पायथ्याजवळचा रस्ता वरचेवर दुरुस्त करावा लागतो. फेरी सात किलोमीटरच्या आतली, पण उतारावर आडवी कोरलेली वाट पावसानंतर निसरडी होते.

वेळेचा हिशेब तिथे १८९२ पासून एकाच नियमाने करतात. विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने तो दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. दलदलीत हा हिशेब कोलमडतो. दलदल म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर. त्यात घोटाभर पाय जातो, कधी गुडघाभर. म्हणून वेळ वाढवूनच धरा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. उन्हाळ्यात पश्चिमेकडे चिलटांचे थवे असतात. वारा सुटला की ती नाहीशी होतात, त्यामुळे तिथे वाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. जर्किन, कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच. मोबाइलला दऱ्यांमध्ये रेंज मिळेलच असं नाही.

शेवटची वाट पुन्हा स्कायवरची. ब्रॉडफर्डहून टॉरिनकडे जाताना रस्त्याकाठी एक छप्पर उडालेलं चर्च आहे. तिथून निघून, संगमरवराच्या जुन्या खाणींवरून बोरेरेग आणि सुइश्निश या दोन गावांना वळसा घालून परत येणारी सोळा-सतरा किलोमीटरची फेरी. वाटेत कड्यांवरून ओहोळ थेट समुद्राकडे कोसळतात. मग गवताचा हिरवा तुकडा लागतो, नेचांनी वेढलेला, आणि त्यात घरांच्या भिंती. चूल कुठे होती तेही ओळखता येतं. १८५३ मध्ये जमीनदाराच्या कारभाऱ्यांनी ही गावं रिकामी करवली, मेंढ्यांना चराई हवी म्हणून. सुइश्निशच्या तिघांवर इन्व्हरनेसच्या न्यायालयात खटला चालला. ते निर्दोष सुटले, घरी परतले, आणि ऐन हिवाळ्यात पुन्हा बाहेर काढले गेले. आर्चिबाल्ड गीकी त्या वेळी तिथे खडकांचा अभ्यास करत हिंडणारा कोवळा तरुण होता, पुढे तो ब्रिटनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचा प्रमुख झाला. गाव सोडून निघालेल्या लोकांच्या रडण्याचा आवाज त्याने ऐकला होता. पन्नास वर्षांनी आठवणी लिहिताना तो आवाज त्याने नोंदवला.

हायलँड्सच्या छायाचित्रांतली ती निर्मनुष्य शांतता पाहून आपण हरखतो. तिच्यातली बरीचशी अशी माणसं हाकलून निर्माण झालेली आहे. एके काळी त्या दऱ्यांतून धूर निघायचा, लेकरं खेळायची, गेलिक भाषा बोलली जायची. जिथून राहत्या माणसांना हुसकलं, तिथून आज कुणालाही चालत जाता येतं. हक्क आला तोवर त्या गावांत तो वापरायला कुणी उरलं नव्हतं.

बोरेरेगला आजही वस्ती नाही. वाट बारा महिने खुली आहे. जाल तेव्हा त्या भिंतींवर बसू नका, दगड हलवू नका, आणि परतताना फाटक लावून घ्या.