अंगावरून वारे जाते, ते कोठून?

तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातील निलंगा तालुक्यात एखाद्या वृद्धाचा अर्धा देह अकस्मात लुळा पडला, की ‘अंगावरून वारं गेलं’ एवढ्या तीन शब्दांत त्या आपत्तीचा पंचनामा आटोपतो. आणि तोच वृद्ध गेली दहा-पंधरा वर्षे शेताच्या वाटेवर दर शंभर पावलांनी धापा टाकीत बसत असे, ही गोष्ट मात्र ‘दमा काय, जुनाच’ म्हणून निराळ्या खाती लिहिली जाते. दमा या सैल नावाखाली आपण ज्या जुनाट श्वासरोगाला सरसकट घालतो, त्याला वैद्यक आज सीओपीडी म्हणते. त्याचा आणि अर्धांगवायूचा हिशेब पुष्कळ अंशी एकाच वहीत आहे, हे ज्या समजुतींमुळे दृष्टीआड राहते, त्यांची ही झडती.

गैरसमज 1: फुप्फुसाचे दुखणे छातीपुरते, मेंदूशी त्याचे देणेघेणे नाही.

वस्तुस्थिती: वर्षानुवर्षे धुराने पोळलेल्या श्वासनलिकांतील दाह तेथेच कोंडून राहत नाही, तो रक्तावाटे सर्व देहात पसरतो, रक्तवाहिन्या ताठर करतो आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवितो. प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी अधिक निर्माण करू लागले तर रक्त दाट होते, आणि हृदयाचा ठेका बिघडला तर तेथे साकळलेली गुठळी मेंदूच्या रोहिणीत जाऊन अडकू शकते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 13,115 नागरिकांची जी दीर्घकालीन पाहणी झाली, तिच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सीओपीडीच्या रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे 20 टक्के अधिक आढळला. न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे, की धूम्रपानाचा वाटा वजा करताच हा आकडा बराच खाली आला. म्हणजे दोन्ही रोगांच्या मुळाशी असलेला मोठा सामाईक अपराधी धूरच होय.

गैरसमज 2: हा विडी ओढणाऱ्यांचा रोग, बायाबापड्यांना त्याचे भय नाही.

वस्तुस्थिती: पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते. ज्या माउलीने तुराट्या, पऱ्हाट्या आणि गवऱ्या चुलीत सारीत, फुंकणीने फुंकीत, बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, तिच्या फुप्फुसांनी विडी न शिवताही धुराचा पुरेपूर कर भरलेला असतो. 2016 सालच्या गणनेनुसार सीओपीडीमुळे भारतात होणाऱ्या आयुष्यहानीपैकी 53.7 टक्के भार प्रदूषित हवेच्या आणि 25.4 टक्के भार तंबाखूच्या माथी होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गरीब घरांत गॅस पोचविणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. परंतु घरात आलेली शेगडी सणावारालाच पेटत असेल आणि रोजची भाकरी चुलीवरच भाजली जात असेल, तर टाकीचा दाखला फुप्फुसाच्या कामी येत नाही.

गैरसमज 3: थंडीत खोकला उसळायचाच, आठ दिवसांत आपोआप बसेल.

वस्तुस्थिती: धाप एकाएकी वाढणे, कफाचा रंग पालटणे, रात्र बसून काढावी लागणे, ही या रोगाची उसळी होय, आणि हाच काळ मेंदूच्या दृष्टीनेही सर्वांत नाजूक असतो. रॉटरडॅमच्या त्याच पाहणीत तीव्र उसळीनंतरच्या सात आठवड्यांत पक्षाघाताचा धोका सहा पटींहून अधिक आढळला. सबब छाती मोकळी झाली म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करण्याची ही वेळ नव्हे.

गैरसमज 4: ‘पंप’ म्हणजे शेवटचा इलाज, एकदा लागला की सुटत नाही.

वस्तुस्थिती: पंपाचे व्यसन लागत नाही. गोळीचे औषध साऱ्या देहातून फिरून येते. पंपाचे औषध मायक्रोग्रॅमच्या अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत उतरते. रोग दीर्घ मुदतीचा आहे म्हणून औषधही दीर्घ काळ घ्यावे लागते, एवढेच.

गैरसमज 5: वारे गेलेल्या अंगाला कबुतराचे रक्त चोळावे, आणि रोग्याला काहीतरी गरम पाजावे.

वस्तुस्थिती: पक्षाघाताचे मूळ मेंदूत आहे, कातडीत नाही. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, याचा फैसला सीटी स्कॅनखेरीज होत नाही, म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देणे जिवावर बेतू शकते. निलंग्याहून लातूर सुमारे 50 किलोमीटर. खेड्यातून निघायचे तर वाट आणखी लांब. तेव्हा मांत्रिकाच्या दारी गेलेला एक तास पुन्हा मिळत नाही. पाजण्यातील धोका तर दुहेरी आहे. पक्षाघातात गिळण्याची शक्ती क्षीण होते, तोंडात घातलेला चहा श्वासनलिकेत उतरतो, त्यातून न्यूमोनिया होतो, आणि आधीच जर्जर झालेल्या फुप्फुसांना तो सोसत नाही. फुप्फुसाकडून मेंदूकडे जाणारी ही वाट अशी उलटही चालते.

म्हणून ज्याला धाप लागते, त्याने छातीबरोबर रक्तदाब आणि नाडीचा ठेकाही तपासून घ्यावा, विडी सोडावी, चुलीचा धूर घराबाहेर काढण्याची तजवीज करावी. आणि घरच्यांनी एवढे करावे: तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर लक्षणे कधी दिसली ती वेळ ध्यानात ठेवून तत्काळ 108 ला फोन लावावा, आणि तो आकडा आयत्या वेळी शोधावा लागू नये म्हणून चुलीमागच्या काळवंडलेल्या भिंतीवर आजच खडूने लिहून ठेवावा.